पाणी फेकलेली लौकी

माझ्या मावसभावाने मला फसवलं. माझ्या मुलीचं लग्न जमवताना, माझ्याच घरात बसून, माझाच चहा पिऊन.

मी जुने मोटारपंप घेऊन विकणारा माणूस. अमरावतीत हातगाडीपासून सुरुवात केली, आता स्वतःचं दुकान आहे. नवा रंग मारून आणलेला पंप मी न उघडता ओळखतो. दर्यापूरकडच्या खाऱ्या पाण्यात चाललेला असेल तर नुसता हात फिरवून सांगतो की हा आतून खाल्ला गेलाय. शेतकरी, दलाल, कारखानदार, कुणीही मला गंडवू शकलेलं नाही. गंडवलं ते घरच्याने.

मुलगा अकोल्याचा, नोकरीतला. पोह्यांचा कार्यक्रम झाला, मावसभावाने मध्ये पडून दोन्हीकडचा होकार आणला. आता मुलगा आणि त्याची आई आमच्याकडे जेवायला येणार होते आणि जेवणं आटोपली की साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची तारीख धरायची होती. बायकोचं आधीच ठरलेलं होतं. पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा, वर बोटभर तर्री. आमच्याकडे होणाऱ्या व्याह्यांना याहून हलकं वाढलं तर नातेवाईक वर्षभर उगाळत बसतात.

आदल्या दिवशी दुकानात मावसभावाचा फोन आला.

"पाटोडी नको करू गड्या. बेसन नको, वरण नको, टमाटं तं बिलकुल नको. लौकी कर."

"लौकी? पाहुण्याले?"

"हो. मीठ कमी टाकजो. मुलाच्या आईले सोसत नाही. अन् आयक, लौकी चिरून पयले उकळून घेजो, थे पाणी फेकून देजो, मंग फोडणी."

त्याने फोन ठेवला. समोर गिऱ्हाईक उभं होतं, काहीतरी विचारत होतं. मला ऐकूच येईना.

भाजी उकळून तिचं पाणी फेकायचं, हे मी आयुष्यात एकाच चुलीजवळ पाहिलं होतं. माझा मोठा भाऊ गावी, दर्यापूरकडे राहिला, त्याच खाऱ्या पाण्यावर. त्याच्या किडन्या गेल्या. तो डायलिसिसला अकोल्याला जायचा, आणि वहिनी घरी प्रत्येक भाजी अशी उकळून पाणी परसात ओतायची. डाळ बंद, टमाटे बंद, मीठ चिमूटभर. प्यायचं पाणीसुद्धा मापाने. उन्हाळ्यात तो ओला रुमाल ओठांवर धरून बसायचा आणि वहिनी दुसरीकडे बघत बसायची. भाऊ गेला तेव्हा तिचे केस काळेभोर होते.

घरी येऊन मी बायकोला एवढंच सांगितलं की लौकीची, दुधीची भाजी करायची आहे.

"लौकी?" ती पोळपाट बाजूला सारून उठली. "पोरीच्या सासरच्याले लौकी? लोक काय म्हणतील? दवाखाना हाय का आपलं घर?"

त्या शब्दावर मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारची बाई गॅलरीत आली. मी घाबरलो की ओरडतो. बायकोला वाटलं, नेहमीचा राग.

शेवटी मी म्हटलं, दोन्ही कर. पाटोडीचा रस्सा कर आणि लौकीही कर, उकळून, पाणी फेकून. कोण काय वाढून घेतं ते मला बघायचं होतं. सोसत नाही ते आईलाच, हे माझ्या डोळ्यांनी दिसलं असतं तर मी मावसभावाच्या पाया पडलो असतो.

दुसऱ्या दिवशी मंडईत भाजीवाली म्हणाली त्या दराने लौकी घेतली. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"काय भौ, आज घासाघीस नाही? तब्येत बरी हाय ना?"

संध्याकाळी पाहुणे आले. मावसभावाला ऐनवेळी काम निघालं होतं. मुलगा शांत, हसरा, उंच. कूलर लावूनही आम्ही सगळे घामाने भिजलो होतो आणि त्याच्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद होत्या.

पानं वाढली. मुलाच्या आईने पाटोडीवर तर्री ओतून घेतली, पोळी कुस्करली, पहिल्या घासालाच डोळे मिटले.

"वा! ताई, कशी केली वो ही तर्री? आन अजून."

सोसत नसलेली बाई. माझ्या हातातला घास तसाच राहिला.

मुलाने भात आणि लौकी घेतली. चवीला काही नसलेली ती भाजी तो इतक्या सवयीने खात होता की मला बघवेना. माझी मुलगी पाण्याचा जग घेऊन आली. तिने त्याच्या ग्लासाकडे जग नेला, तेवढ्यात त्याच्या आईने बोलता बोलता, न बघताच, ग्लासावर तळहात ठेवला. माझी वहिनी असाच ठेवायची.

जेवण झाल्यावर तो मागच्या नळावर हात धुवायला गेला. मी त्याच्या मागे गेलो. त्याने उजवा हात धुतला. मी त्याचं डावं मनगट धरलं, जावयाचं धरावं तसं. बाहीच्या कापडाखाली मांजर गुरगुरावं तशी शीर थरथरत होती. डायलिसिससाठी हाताच्या शिरा जोडतात, तिथे ही थरथर लागते. भावाच्या हातावर मी ती कितीदा बोटांनी ऐकली होती.

त्याने हात ओढून घेतला नाही.

"काका," तो म्हणाला, "तुमाले सांगतलं ना तुमच्या मावसभावानं?"

"काय सांगतलं?"

त्याचा चेहरा उतरला. "मी त्यायले पयल्याच भेटीत सांगतलं होतं सगळं. म्हटलं, मुलीले सांगा, मंगच विचारा. तिचा होकार आला तं मले वाटलं..." त्याने नळ बंद केला. "मले वाटलं, समजून दिला."

मागे दारात माझी मुलगी टॉवेल घेऊन उभी होती. तिने टॉवेल त्याच्या हातात दिला आणि आत गेली.

तारीख धरली नाही. त्याची आई जाताना पदराने डोळे पुसत म्हणत होती, "आमी काहीच लपवलं नाही वो." माझा तिच्यावर विश्वास आहे.

ते गेल्यावर मुलीने पातेल्यातली उरलेली लौकी ताटलीत घेतली आणि नुसती खाल्ली. मग मला विचारलं, "बाबा, मंग मी हो कोणाले म्हटलं होतं?"

  आता ती काय ठरवते हे विचारायचीही मला भीती वाटते. नाही म्हणाली तर त्या भल्या मुलाचं तोंड आठवतं, हो म्हणाली तर वहिनीचं. रोज दुकानातून येताना वाटतं, आज ती सांगेल. दारात चप्पल काढताना आधी तिच्या चेहऱ्याकडे बघतो.

मावसभाऊ फोन उचलत नाही. तर इथेच लिहितो. तुला पथ्य पाठ होतं, म्हणजे रोग माहीत होता. माझा भाऊ तुझाही भाऊ होता. त्याच्या घरी बसून तू तीच लौकी खाल्ली होतीस. ये. माझ्याशी बोलू नकोस, मी काय करीन ते मलाच माहीत नाही. माझ्या मुलीच्या समोर बस आणि तिला सांग, तिच्या तोंडून तो होकार तू काय म्हणून काढून नेलास?