मोकळं कपाळ

माझी आजी जव्हारच्या संस्थानी दवाखान्यात नर्स होती. अख्ख्या जव्हारात लूथरन पंथाचं ख्रिस्ती घर एकच होतं, आणि ते आमचं. प्रार्थनामंदिर नाही, घंटा नाही, मंडळी नाही. रविवारी सकाळी आजोबा, आजी आणि मी चटईवर बसून गीतं म्हणायचो. आजोबा संस्थानच्या शाळेत मास्तर होते आणि गाण्यात ठार बेसूर. ते भरकटले की आजी आवाज चढवून गाणं ताळ्यावर आणायची. माझे आईवडील मुंबईला होते. तिथली हवा मला मानवत नाही म्हणून मला लहानपणीच जव्हारला आजीच्या ताब्यात दिलं होतं. ताब्यात हाच शब्द बरोबर आहे.

आजी लांब वऱ्हाडापलीकडच्या एका मिशनमध्ये वाढलेली, तिथल्याच दवाखान्यात शिकलेली. आमच्या घरात पाप आणि जंतू यांना सारखीच वागणूक मिळे, दिसले की घासून काढायचे. माझे कान, नखं, टाचा ती अशी घासायची की मी किंचाळायचे. ‘ओरड, पण हात पुढे कर,’ एवढंच तिचं उत्तर. आज या वयातही जेवायला बसण्याआधी मी नखं बघते, आणि दर वेळी मनातल्या मनात तिला नमस्कार करते.

मिशनने तिला दोन शिस्ती लावल्या होत्या. नर्सची शिस्त अशी, की पांढरं लुगडं नेसायचं आणि हातात बांगडी घालायची नाही. धर्माची शिस्त अशी, की कुंकू लावायचं नाही. दोन्ही तिने कडकपणे पाळल्या. शेजारणी हळदीकुंकवाला बोलवायच्या, तेव्हा ती जायची, गप्पा मारायची, तिळगूळ घ्यायची, आणि कुंकवाचं बोट पुढे आलं की हसून मान मागे घ्यायची. गावात सगळे तिला ओळखत होते, त्यामुळे कोणी मनावर घेत नसे.

डोंगरातल्या पाड्यांवर मात्र तिला कोण ओळखणार? पांढरं लुगडं, मोकळे हात, मोकळं कपाळ बघून लोक एकच समजायचे, की हिचा नवरा मेलेला आहे. अशा बाईची सावली बाळंतिणीवर पडू देत नसत. काही घरांनी तिला अंगणातूनच परत पाठवलं होतं. आजोबा चेष्टेने म्हणायचे, “या डोंगरात मी कितीदा मेलो त्याची मोजदाद नाही.” आजीला ही चेष्टा आवडायची नाही.

एका वर्षी भातकापणी चालू असताना दाभोसा गावातून एक तरुण शेतकरी धापा टाकत दवाखान्यात आला. त्याची बायको आदल्या दिवसापासून अडली होती. सुईणीने हात टेकले होते, मूल आडवं होतं. आजी पिशवी घेऊन त्याच्या बैलगाडीत बसली. ती परत आली दुसऱ्या दिवशी, आम्ही जेवायला बसलो होतो तेव्हा. मी वर बघितलं आणि घास हातातच राहिला. आजीच्या कपाळावर कुंकू होतं. घामाने ओघळून ते भुवयांपर्यंत आलं होतं.

एरवी ती आधी हातपाय धुतल्याशिवाय घरात शब्द बोलायची नाही. त्या दिवशी तशीच उंबऱ्यावर बसली आणि आजोबांना सगळं सांगितलं. दाभोशाच्या त्या घरात सासू दार अडवून उभी होती.

“तू आत नको येव, बाय,” ती म्हणाली. “तुजा कपाल मोकला, हात मोकलं. माजी सून पयल्या खेपंची हाय.”

“मावशी, माझा नवरा जिवंत आहे. जव्हारला शाळेत मास्तर आहे. आमच्यात कुंकू लावत नाहीत.”

“जिता हाय ना? तं मंग लाव.”

म्हातारीने आतून कुंकवाचा करंडा आणला. तेवढ्यात आतल्या बाईचं कण्हणं ऐकू यायचं थांबलं. आजीने मान पुढे केली आणि म्हणाली, “लाव, मावशी.” मग ती आत गेली, बाह्या सरसावल्या, मूल फिरवलं. मुलगी झाली. मायलेकी दोघी वाचल्या.

“बरं केलंस,” आजोबा म्हणाले.

“ते तुम्ही ठरवायचं नाही,” आजी म्हणाली आणि आंघोळीला गेली.

तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते आम्हाला लवकरच कळलं. दिवाळी उलटून रस्ते सुकले की नाशिककडून आमचे पाद्रीबुवा यायचे. खोडाळ्याला मुक्काम करून, मोखाड्यावरून, बैलगाडीने. वर्षातून एकदाच. तेव्हा प्रभुभोजन व्हायचं, म्हणजे पाद्रीबुवांच्या हातून भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला. आजी वर्षभर त्या एका सकाळीसाठी जगायची. आमच्या या नाचणीच्या मुलखात ती त्या भाकरीसाठी गव्हाचं पीठ डब्यात वेगळं जपून ठेवायची. पण भाकर-प्याल्याच्या त्या मेजाशी जाण्याआधी आपलं पाप कबूल करून त्याचा पश्चात्ताप करावा लागतो. आणि आजीचं म्हणणं असं, की मी कुंकू लावलं आणि मला त्याचा पश्चात्ताप होत नाही. मग कुठल्या तोंडाने मी भाकर घेऊ? आजोबांनी परोपरीने समजावलं. ती ऐकेना. रविवारी तिचा आवाज चढेनासा झाला, आणि आजोबांच्या बेसूर गाण्याला रानच मोकळं मिळालं. तेव्हा मला पहिल्यांदा तिच्याबद्दल भीती वाटली. तिला मेजाशी जायला मिळालं नाही तर ती खचेल, हे मला त्या वयातही समजत होतं.

पाद्रीबुवा आले. वाकलेले, मृदू बोलणारे, नाचणीची भाकरी मिटक्या मारत खाणारे मराठी गृहस्थ. दुपारी ते आजीशी बोलायला पडवीत बसले. मी स्वयंपाकघरात गव्हाची भाकर तव्यावर सांभाळत होते. मध्ये नुसता कारवीचा कूड, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकू येत होता.

आजीने दाभोशाची हकीगत सांगितली. “पुन्हा तसं दार आलं तर पुन्हा लावून घेईन,” ती म्हणाली. “देवासमोर खोटं कसं बोलू?”

पाद्रीबुवा म्हणाले, “एक जीव वाचवलात त्याचा पश्चात्ताप करा, असं मी सांगणार नाही. पण बाई, मग तुम्ही रडता कशासाठी?”

आजी रडते आहे हे मला तेव्हा कळलं. मी तिला कधी रडताना ऐकलं नव्हतं.

“वांगणीसाठी,” आजी म्हणाली. “दोन पावसाळ्यांमागे तिथल्या एका घरी अशीच सासू दारात उभी होती. तिनेही करंडा आणला होता. मी म्हटलं, माझ्या धर्मात बसत नाही. कोणीतरी आत बोलावेल म्हणून अंगणात बसून राहिले. दिवस मावळायच्या आत बाई गेली. पोटातलं मूलही गेलं. मी घरी आले आणि मला वाटलं, प्रभूने माझी परीक्षा घेतली आणि मी टिकले. त्या वर्षी तुमच्या हातून भाकर घेतली ती ताठ मानेने. दाभोशाला म्हातारीचं बोट कपाळाला टेकलं तेव्हा कळलं, वांगणीला एवढंच करायचं होतं.”

तव्यावरची भाकर करपली. पाद्रीबुवा म्हणाले, “त्याची क्षमा मागू या.” मग दोघांचेही आवाज इतके खाली गेले की मला काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मेजाशी जमलो. मेज म्हणजे आजोबांचं शाळेचं टेबल, त्यावर धुतलेली चादर. माझ्या हातची करपलेली भाकर आजीने मान खाली घालून घेतली. नंतरचं गीत आजोबांनी नेहमीप्रमाणे बिघडवलं, आणि आजीचा आवाज चढला. मला इतका आनंद झाला की मीच रडायला लागले.

त्यानंतर पुष्कळ वर्षं ती डोंगरात बाळंतपणं करत हिंडली. ज्या दारात कुंकू पुढे आलं, तिथे तिने मान पुढे केली, आणि घरी येऊन आधी हात धुतले, मग कपाळ. माझ्या आयुष्यात पुढे धर्म शिकवणारी माणसं खूप आली. आपला धर्म सांभाळायच्या नादात एक बाई आणि तिचं मूल आपण गमावलं, असं तोंडाने कबूल करणारं माणूस मला एकच भेटलं. तिनेच मला वाढवलं, याबद्दल मी रोज देवाचे आभार मानते.