नट खिशात घालून गेलेला मिस्त्री

वाटूर फाट्यावर एक मिस्त्री आहे. रामराम घातला तरी मान वर करत नाही. नट हाताने फिरवताना मात्र तोंड दुसरीकडे करून पुटपुटत आटे मोजतो. मला तो माणूस कधी आवडला नाही.

माझ्या लेकाने गाडीला जाड चाकं घेतली. त्यांना जुने बोल्ट लांबीला पुरेनात, म्हणून मिस्त्रीने बोल्टऐवजी स्टड, म्हणजे बिनडोक्याच्या आटेदार सळ्या, बसवून बाहेरून नट आवळले. बहिणीच्या नातीचं लग्न होतं, लेकाने घाई लावली. आम्ही निघालो. थोड्याच वेळात मिस्त्रीने मोटरसायकल आडवी घातली.

"उतरा, आज्जी. उरलेला स्टड हातात घेतला तवा कळलं. आखूड पडले. नट जेमतेम धरलेत, चाक निखळंल."

"बसवताना झोपला होतास का?" लेक ओरडला.

"तुम्ही जल्दी करून राह्यले अन् मी ऐकलं. चुकलं माझं."

"हळू नेतो. लग्न तर गाठू दे."

"हळू चालवल्यानं स्टड लांब व्हत न्हाई, भाऊ."

त्याने जॅक लावला, पुढचं चाक उतरवलं, सगळे नट खिशात घातले आणि लांब स्टड आणायला जालन्याला निघून गेला. आम्हाला विचारलंसुद्धा नाही. लेक शिव्या देत राहिला. मी जरीचं लुगडं सावरून त्या चाकावर बसले.

लग्न चुकलं. बहीण फोनवर रडली, रुसली.

मी म्हटलं, "रूस. माझ्या दहाव्याला येण्यापेक्षा बरं."