काळ्यावरचा लाल, पांढऱ्यावरचा लाल

सुकन्या,

तुझ्याबद्दल लिहायचं तर तुलाच सांगत लिहिते. मागाहून "मावशी, वाढवून लिहिलंत" म्हणायला जागा नको.

तू सांगलीची, चित्रकलेची पदवीधर. जर्मनीत इंगोलश्टाटला गाडीच्या चालकासमोरच्या पडद्यावरची चित्रं काढतेस. नोकरीला चार महिने, म्हणजे प्रोबेत्साइट, उमेदवारीचा काळ, चालूच. कधीही घरी बसवतील. शुक्रवारी आजारी असल्याचं ऑफिसला कळवून माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसलीस.

"मावशी, ब्रेकचा इशारा वाचताच येणार नाही."

इशाऱ्याच्या पट्टीचा तुझा लाल तीस टक्के, बाकी पारदर्शक. काळ्या पडद्यावर तो गडद दिसायचा, वर पांढरी अक्षरं ठसठशीत. पण गाडीतल्या त्या पडद्याला पारदर्शक रंग चालत नाही. मागच्या रंगात मिसळून एकच पक्का रंग द्यावा लागतो. तू मिसळलास पांढऱ्यात! जन्मभर कागदावर रंगवलंस ना, हात तिकडेच गेला. झाली फिकट गुलाबी पट्टी, तिच्यावर पांढरी अक्षरं.

"कधी कळलं?"

"बुधवारी."

"आणि गप्प बसलीस?"

"काढून टाकतील हो!"

"गाडी कुठाय?"

"दहाला ऑटोबानवर निघेल. चाचणीला."

नऊ वीस झाले होते. निवृत्त होऊन इथे येण्याआधी लुडविग्सहाफेनच्या रंगांच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं काढली, चुका पुष्कळ पाहिल्या; पण तिथे कुणी दोनशेच्या वेगाने ब्रेक शोधत नव्हतं.

"फोन कर."

"मेल टाकू का?"

"मेल वाचेपर्यंत माणूस मरेल, बाई! लाव!"

दोनदा कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा तुझी शेफिन, म्हणजे वरिष्ठ बाई, आली. तू अडखळत सगळं सांगितलंस. स्पीकरवर तिचं उत्तर मीही ऐकलं.

"गाडी थांबवते. सोमवारी आठला माझ्याकडे या."

बस, एवढंच. फोन ठेवला.

"संपलं मावशी," म्हणालीस आणि माझ्याच कागदावर तीन ओळींचा राजीनामा लिहिलास. इथे तो शाईच्या सहीनिशी कागदावरच लागतो. पाकीट चिकटवलंस. "त्यांनी काढण्याआधी मीच निघते. तुम्ही टाका ना पेटीत, माझ्याच्याने नाही होणार."

टाकते म्हणाले. पेटीपाशी गेलेही.

आज रविवार. उद्या त्या खोलीत काय होईल ते मला माहीत नाही. मलाही झोप नाही. पण राजीनामा पोचलाय या समजुतीत तिथे जाऊ नकोस. पाकीट मी टाकलेलं नाही.