बादलीतले काळे मासे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला तर नाहीच. पण आज सकाळी तलावावर गेले होते – आणि आता सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी कामं हातावेगळी करणारी बाई. शहरातलं नल्लकुंट्याचं घर सोडून शहराबाहेरच्या या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा खोकी बांधणं, चिठ्ठ्या लावणं, सगळं मीच केलं. उरली मुलाची माशांची काचेची पेटी. तो बंगळूरला. फोनवर म्हणाला, "आई, काच चाटणारे ते काळे मासे दुकानात परत दे. कुठेतरी सोडू नकोस हं." हो म्हटलं. पण दुकान कोठी बाजाराच्या गर्दीत – आणि तलाव नव्या घराच्या वाटेवरच. बादली तलावात कलंडवली. काम झालं. मुलाला सांगितलं, दिले परत.

या तलावावर मासेमारांची सोसायटी आहे. सगळे मिळून मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडतात, अंडी घालायच्या दिवसांत कुणीच जाळं टाकत नाही, मिळेल ते वाटून घेतात. काही वर्षांनी जाळ्यात काळे, काटेरी मासे यायला लागले. जाळी फाटायला लागली. बैठक बसली. आमच्या कॉलनीच्या तलाव समितीची चिटणीस म्हणून मीही होते. सगळ्यांचा राग सोसायटीतल्या मल्लेशवर, कारण बीज त्याने आणलं होतं.

"सस्ता माल लाया, उसीमें मिलके आया ये भूत!" एक मासेमार ओरडला.

"मॅडम, आप तो बोलो ना जी," मल्लेश म्हणाला.

समोर टोपलीत तो मासा पडला होता. अंगावर मुलाच्या पेटीतल्या माशांचीच नक्षी. मी ओळखला – पाहताक्षणीच. आणि बोलले काय?

"देखके लाना था ना, मल्लेश."

माझ्या या एका वाक्यावर सोसायटीने त्याला तलावात जाळं टाकायला बंदी केली. आता तो आमच्याच गेटवर वॉचमन आहे.

दुसऱ्याही कुणी सोडले असतील. असतील. माझे मी सोडले.

आज मासेमारांनी मोसमातलं पहिलं जाळं ओढलं. रोहू नाही, कटला नाही – नुसते तेच, काळे, एकमेकांत अडकलेले. काठावर टाकले तरी मरेनात. बायका रिकाम्या टोपल्या घेऊन उभ्या.

परत आले. मल्लेशने गेट उघडलं.

"कुछ मिला क्या, मॅडम?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मेराच बीज खराब था, मॅडम," तो म्हणाला. "आप बोले थे ना."

तो खरंच तसं मानतो – कळलं का तुम्हाला? मी लिफ्टचं बटण दाबलं आणि वर आले.