चौकशीच्या खिडकीतली नणंद

माझी नणंद एका मोठ्या हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीत बसते. अमका वॉर्ड कुठे, तमके डॉक्टर कधी येतात, असं लोक दिवसभर विचारतात आणि ही सांगत राहते. घरी आली की तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. परवा शेजारीण दारात उभी राहिली, तर ही खुर्चीतूनच म्हणाली, "सरळ जा, डावीकडे वळा." शेजारीण बिचारी खरंच वळली. आम्ही पोट धरून हसलो. ती हसली नाही.

ती थकली आहे. काम काही दगड फोडायचं नाही, पण लोक खेकसतात. आपलं माणूस आत पडलेलं असलं की राग कुणावर तरी निघतोच, हे तिला कळतं. पण रोज समजून घ्यायलाही अंगात बळ लागतं. म्हणून मीच तिच्या मागे लागले होते, की तळघरात चादरींच्या खोलीत बदली मागून घे. चादरी निदान डोळे तरी वटारत नाहीत. तिने साहेबांना गळ घातली, आणि हो-नाही करत ते काल एकदाचे तयार झाले. जायचं की नाही ते संध्याकाळपर्यंत पक्कं सांगा, म्हणाले.

त्यानंतर काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांची बायको बायकांच्या वॉर्डात होती. तो वॉर्ड गेल्याच आठवड्यात मागच्या इमारतीत हलवलाय. पण इतक्या वर्षांची सवय, हिने मान वर न करता जुनीच वाट सांगून टाकली. म्हातारबुवा धापा टाकत जिने चढले, तर वर कुलूप. पुन्हा उतरून विचारत विचारत मागे पोचले, तोवर भेटीची वेळ संपली होती.

ते परत खिडकीशी आले. आता आपली खरडपट्टी निघणार, असं हिला वाटलं. पण ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, तो वॉर्ड मागे गेलाय. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. पुढच्याला हेलपाटा नको, म्हणून आलो."

"आणि तुमची भेट?"

"होईल उद्या. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

नणंद खिडकी तशीच टाकून उठली. त्यांना हाताला धरून मागच्या इमारतीत घेऊन गेली. चूक माझी आहे, यांना का शिक्षा, म्हणत सिस्टरच्या अगदी हातापाया पडली, तेव्हा कुठे दार उघडलं. परतली तर रांग चिडलेली आणि साहेब तापलेले. खिडकी सोडून जाता म्हणजे काय, बरं झालं तळघरात चाललात ते, असं ते सगळ्यांसमोर बोलले. तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं, की मी जात नाही.

हे ऐकून मी भडकले. एक भला माणूस भेटला म्हणून जन्मभर बोलणी खाणार का, असं विचारलं. ती गरम पाण्यात पाय सोडून, डोळे मिटून बसली होती.

"वहिनी, बायकोला न भेटता निघालेला माणूस माझीच समजूत काढत होता गं," ती म्हणाली. "उद्या तो पुन्हा येईल. खिडकीत मी नको का?"