निळ्यात गप्प बसलेला जोड

“आधी रंग बघू नकोस, बाई. आधी ते हलतं कसं ते बघ.”

डोळा लागता लागता मंदाकिनीला तिच्या ऑफिसातल्या जुन्या वरिष्ठांचा, खांबेटे सरांचा, आवाज येतो. एकादशीची दुपार आहे. सकाळी नेमाची गोपद्मं काढून, देवापुढे दिवा लावून ती आता देवघरातच चटईवर जरा आडवी झाली आहे. उशाशी लॅपटॉप. त्यावर कारखान्यातली जड यंत्रं उचलायच्या चौकटीचं ताण दाखवणारं चित्र, कमी ताण निळा, जास्त ताण लाल: सगळी चौकट निळी, फक्त आतल्या एका कोपऱ्यात कुंकवाएवढा लाल ठिपका. चौकट भक्कम आहे अशी संध्याकाळपर्यंत तिची सही हवी आहे. उद्या या चौकटीनं यंत्र उचलतील आणि खाली माणसं उभी असतील.

सर वारले त्याला वर्ष होत आलं. तरी ते उंबऱ्यावर बसले आहेत, चष्मा कपाळावर चढवून.

“उपास का?”

“हो, सर.”

“मग डोकं कसलं चालतंय! घे.” ते दोन केळी पुढे करतात. दर एकादशीला तिच्या टेबलावर गुपचूप ठेवायचे, तशीच. देव न मानणारा हा माणूस, पण तिची एकादशी कधी विसरला नाही.

केळी घ्यायला ती हात पुढे करते, तर पायाखाली कारखान्याची काळी फरशी आहे, वर क्रेन, आणि खांबापाशी तिचंच तुळशीवृंदावन. तिला त्याचं नवल वाटत नाही.

“त्या लालचं काय म्हणतेस?”

“गणितासाठी चित्रावर टाकलेली चौकोनांची जाळी बारीक केली की तिथला ताणाचा आकडा वाढतो. आणखी बारीक केली की आणखी वाढतो. थांबतच नाही, सर.”

“मग तो लोखंडाचा ताण नव्हे, तुझ्या जाळीचा हट्ट. चित्रात कोपरा सुरीसारखा काढलास. प्रत्यक्षात?”

“गोलाई आहे. चांगली बोटभर.”

“म्हणजे लाल खोटा.”

“शेजारच्या टेबलावरचा सिद्रामही तेच म्हणाला. म्हणे, ताई, लाल खोटा, म्हणजे चौकट पास. करून टाका सही.”

सर खो खो हसतात. “वा रे वा! आरडाओरडा करणारा खोटा निघाला, म्हणून गप्प बसणारे सगळे सुखात?”

ते खिशातून खोडरबर काढतात. त्यावर पेनाने आखलेले चौकोन. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी तिला ताण शिकवला तो यावरच. ती तो मुठीत वाकवते. अंगठ्यापाशी चौकोन तिरके होऊन ताणले जातात. मान वर करते, तर क्रेनखाली ती चौकट टांगलेली आहे. दोर सरळ नाही, तिरका ओढतो आहे, आणि त्याच्यासरशी चौकटीचा कान, दोर अडकवायचा तो पत्रा, हळूच एका अंगाला कलतो आहे. कानाच्या बुडाशी, जिथे हा सगळा ओढा येतो, वेल्डिंगचा जोड. निळा. शांत.

“कुठल्या आकड्याला कुठला रंग, ही शिडी कुणी ठरवली?” सर विचारतात.

“त्या लाल आकड्यानं,” ती म्हणते, आणि म्हणता म्हणताच तिला उमगतं. “त्याच्यापुढे बाकीचं सगळं निळंच दिसणार.”

“आणि पत्र्याला झेपतं ते वेल्डला झेपतं?”

“झेपेलच असं नाही.”

“तुझा देव आणि माझा ताण, दोन्ही डोळ्यांना दिसायचे नाहीत, बाई. वागण्यावरून ओळखायचे.”

ती खोडरबर मुठीत घट्ट धरते. “सर, तुम्ही नसता तर मी...”

“कपाळ! आभार कसले मानतेस? शब्द दिला होतास ना मला?”

ती मूठ उघडते. जागी होते.

केळी नाहीत, खोडरबर नाही. दिवा तेवढा शांत तेवतो आहे. अंगाखाली दबलेल्या तळहातावर मात्र चटईची वीण उमटली आहे, बारीक चौकोनांची जाळी. अंगठ्याच्या मुळाशी, हात मुडपला होता तिथे, चौकोन तिरके ओढल्यासारखे दिसतात. ती कितीतरी वेळ हात उजेडात धरून बघते. मग देवाला नमस्कार करते, आणि वळून उंबऱ्यालाही.

सर निवृत्त झाले त्या दिवशी तिने शब्द दिला होता: खाली माणूस उभा राहणार असेल, तर हाताने गणित केल्याशिवाय सही नाही.

फोन वाजतो. सिद्राम. “ताई, झाली का सही?”

“नाही रे. कानाच्या जोडाचं हातानं करून बघते आधी.”

“अहो, तो तर निळा आहे!”

“म्हणूनच,” ती हळू आवाजात म्हणते.

फोन ठेवून ती पाटावर कोरा कागद पसरते, आणि सगळ्यात आधी तो तिरका दोर काढायला घेते.