बनाबाईचा तांब्या

कागलजवळच्या आमच्या गावात पोराचं पोट दुखलं की आधी बनाबाईचं दार, मग दवाखाना, असा रिवाजच होता. बनाबाई आमची सख्खी शेजारीण, तोंडानं फटकळ आणि हातानं मऊ. पोराला उताणं झोपवायची, बेंबीवर अंगठा दाबून ठोका बघायची. ठोका जागेवर लागला नाही की बेंबी सरकली म्हणायची. मग तेल लावून पोट चोळायचं, पोटावर पेटती पणती ठेवून वर तांब्या पालथा घालायचा. पणती विझून तांब्या कातडीला घट्ट चिकटला की पोर भोकाड पसरायचं, सुटला की खेळायला पळायचं. निम्म्या गावाची पोटं तिनं अशी बसवली होती. लेकरांची पोटदुखी बहुतेकदा आपोआपही थांबते, पण हे तिला सांगणार कोण? सांगणाऱ्यालाच तिनं पालथं घातलं असतं.

अनुजा तिची नात, पिराजीची लेक. पंच्याण्णव साली तिसरीत होती, बडबडी आणि आजीची शेपूट. एका सकाळी तिच्या बेंबीपाशी दुखायला लागलं आणि दिवस कलेपर्यंत दुखणं उजवीकडं खाली उतरलं. बनाबाईच्या विद्येत ते चपखल बसलं.

"बेंबी उजवीकडं सरकलीया," ती म्हणाली. "बसवती की."

"आये, कोल्हापूरला न्हेऊया," पिराजी म्हणाला. "अपेंडिस असलं तर?"

"आन् त्यो डॉक्टर पोट फाडंल! पोरीची जात हाय. उद्या लुगडं नेसल्यावर टाकं दिसलं तर कोण करून घेणार हाय तिला?"

आईपुढं पिराजीचं कधी चाललं नव्हतं, तेव्हाही नाही चाललं. बनाबाईनं चोळलं, तांब्या लावला, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. संध्याकाळी अनुजा म्हणाली, "आजी, थांबलं गं." बनाबाईनं गल्लीत गूळ वाटला. मीही खाल्ला. आतलं अपेंडिस फुटलं की दुखणं थोडा वेळ असं थांबतं, हे आम्हाला नंतर कळलं. सकाळी पोरगी तापानं फणफणली होती आणि पोट लाकडासारखं झालं होतं. कोल्हापुरात ऑपरेशन झालं, पण विष पोटभर पसरलं होतं. पोटाला टाके पडलेच, आणि पोरगीही गेली.

त्यानंतर तांब्या माळ्यावर गेला. कुणी पोर घेऊन आलं की बनाबाई दारातूनच ओरडायची, "दवाखान्यात जावा! हितं काय ठेवलंय?" लोक म्हणायचे, म्हातारी बिघडली. मला तिची कीव यायची.

दहा-अकरा वर्षांनी माझ्या धैर्यशीलचं पोट दुखलं. सवयीनं मी तिलाच हाक मारली. तिनं पोराला बोटसुद्धा लावलं नाही. "पैल्या गाडीनं कोल्हापूर!" म्हणाली आणि अनवाणीच आमच्याबरोबर वडापाच्या जीपमध्ये चढली.

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. "अपेंडिसला सूज आहे, पण फुटलेलं नाही. लवकर आणलंत. सलाईनमधून औषध देऊन बघू. दुखणं नाही उतरलं तर मात्र ऑपरेशन."

उतरलं. बनाबाई त्याच्या खाटेशेजारी फरशीवर बसून होती, घरी जा म्हटलं तरी हलली नाही. सोडायच्या दिवशी तिनं त्याचा सदरा वर केला आणि सबंध पोट निरखून बघितलं. कुठं ओरखडाही नव्हता.

"सायब," तिनं डॉक्टरांना विचारलं, "न फाडता बी बरं हुतंय व्हय?"

"सगळ्यांचं नाही, आजी. पण वेळेत आणलं तर काही पोरांचं होतं."

"पैल्याच दिशी आणलं तर?"

"हो, तर जास्तच शक्यता."

त्या बिचाऱ्यांना काय माहीत, ती कुणाचं विचारतेय ते.

परतीच्या गाडीत पोर माझ्या मांडीवर झोपलं होतं. मला आनंद झाला होता आणि तो तिच्यासमोर दाखवायची चोरी वाटत होती. गाव जवळ आलं तेव्हा ती खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "म्हंजी पोरीला टाकं बी पडलं नसतं गं."

मी तिचा हात धरला. अजूनही तो मऊच होता.